डांबर गोळ्या, आजीच्या लुगड्याची दुपटी आणि खवट झालेल्या लाल पेशी

"घरात डांबर गोळ्या वापरता का?" एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दारात डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. आम्ही सगळे रक्तगट, आरएच, अंगावरचं दूध पुरतंय का असल्या प्रश्नांची तयारी करून उभे होतो आणि डॉक्टर कपाटाबद्दल विचारत होत्या. आई शेजारीच होती, ती लगेच म्हणाली, हो, ट्रंकेत असतात की. मग माझ्याकडे बघितलं आणि गप्पच झाली. तिला स्वतःला काही कळलं नव्हतं पण मला कळलंय हे तिला माझ्या तोंडावरून कळलं.

सगळं पहिल्यापासून सांगते. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, डोंबिवलीला. मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा, वजन चांगलं, तिसऱ्या दिवशी घरी. आईने आम्हा दोघींची झबली, टोपडी आणि आजीच्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी इतकी वर्षं लोखंडी ट्रंकेत जपून ठेवली होती, कसर लागू नये म्हणून त्यात दरवर्षी नव्या डांबर गोळ्या टाकायची, ते सगळं तिने बाहेर काढलं, अर्धा दिवस गॅलरीत ऊन दाखवलं आणि बाळाला त्यातच गुंडाळलं. वास येत होता थोडा. मालिशवाल्या मावशी रोज तेल चोळून, आंघोळ घालून, शेक देऊन परत त्याच दुपट्यात घट्ट बांधून द्यायच्या. सहाव्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं, दूध ओढेना, नुसतं झोपून, आणि लंगोटावर शूचा डाग काळ्या चहासारखा. बिलिरुबिन, म्हणजे लाल पेशी फुटल्यावर बनणारं पिवळं द्रव्य, २१ आलं. हिमोग्लोबिन जन्माच्या वेळी १६ होतं ते ११. म्हणजे रक्त कुठे वाहून गेलं नव्हतं, आतल्या आत पेशी फुटत होत्या.

मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय, ज्युनियर कॉलेजात शिकवते, आणि ज्या एन्झाइमचं (पेशीत रासायनिक काम घडवून आणणाऱ्या प्रोटीनचं) नाव मी फळ्यावर शंभरदा लिहिलंय ते दोन दिवसांनी भाच्याच्या रिपोर्टवर "डेफिशियंट", म्हणजे कमी, म्हणून वाचलं. जी६पीडी, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. तेव्हापासून आईला हे नीट समजावून सांगायचा प्रयत्न करतेय कारण ती अजून रात्री उठून बसते. तिला सांगताना जे जे बोलले तेच इथे लिहितेय, कोणाच्या तरी घरात अशी ट्रंक असेलच.

आईला मी सुरुवात शेंगदाण्यापासून करून दिली. शेंगदाण्याचा कूट डब्यात बरेच दिवस राहिला की खवट होतो ना, तेच पेशीच्या आवरणाचं होतं, अगदी तीच केमिस्ट्री. पेशीचं आवरण म्हणजे पातळसा स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर, त्यात बरेचसे फॅटी अॅसिड असे की ज्यांच्या साखळीत दुहेरी बंध असतात. हे दुहेरी बंध आहेत म्हणून तर आवरण लवचिक राहतं, पण त्या बंधांच्या शेजारचा हायड्रोजन सहज ओढून काढता येतो. एखाद्या फ्री रॅडिकलने, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेल्या उतावळ्या रेणूने, तो एकदा ओढला की त्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो, मग तेच फॅटी अॅसिड स्वतः हल्लेखोर बनतं आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतं, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा, असं चालूच राहतं. म्हणून खवटपणा एका दाण्यावर थांबत नाही, सगळा डबा जातो. आईला हे पटकन कळलं, ती म्हणाली म्हणजे एक दाणा खराब निघाला की मी सगळा कूट हुंगून बघते तसं. हो, तसंच.

आता लाल पेशीचं वेगळेपण बघा. तिच्यात न्यूक्लियस नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, सगळं टाकून देऊन तिने जागा केलीय ती हिमोग्लोबिनला, एका पेशीत साधारण २७ कोटी रेणू. आणि काम काय, तर १२० दिवस ऑक्सिजन वाहायचा. म्हणजे जो पदार्थ तेलाला खवट करतो तोच अंगाखांद्यावर घेऊन, लोखंडाच्या सोबत, आयुष्यभर फिरायचं. हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन बहुतेक वेळा शहाण्यासारखा येतो आणि जातो, पण रोज काही हिमोग्लोबिन, ३ टक्क्यांपर्यंत, आपोआप बिघडून मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, होतं आणि जाताना तो ऑक्सिजन एक इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड नावाचा फ्री रॅडिकल बनून सुटतो. आजार नसताना, गोळी नसताना, प्रत्येकाच्या अंगात, रोज. नवीन प्रोटीन बनवायची सोय नाही, जे एन्झाइम जन्माला येताना सोबत आणले त्यावरच १२० दिवस काढायचे. मला तर शिकवताना दरवर्षी या पेशीबद्दल मनापासून आदर वाटतो.

या सुपरऑक्साइडला पहिल्यांदा गाठतं ते सुपरऑक्साइड डिसम्युटेज, एसओडी. याची गोष्ट मला फार आवडते म्हणून थोडी सांगतेच. १९३८ मध्ये मान आणि केलिन यांनी गायीबैलांच्या रक्तातून निळसर हिरवं, तांबं असलेलं एक प्रोटीन वेगळं काढलं. काम काय ते कळेना म्हणून तांबं साठवणारं असेल असं धरून चालले, आणि ते तसंच ३१ वर्षं राहिलं. १९६९ मध्ये अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत जो मॅकॉर्ड नावाचा विद्यार्थी आणि त्याचे सर अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की हे नुसतं साठवण वगैरे नाही, हे सुपरऑक्साइड पकडून त्याचं ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करणारं एन्झाइम आहे. सजीवांच्या अंगात फ्री रॅडिकल इतक्या सर्रास तयार होतात आणि त्यांच्यासाठी खास एन्झाइम असतं ही कल्पनाच तोवर फारशी कोणी धरली नव्हती.

पण एसओडीने काम अर्धंच केलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड तसंच राहिलं आणि त्याला मोकळं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल रॅडिकल होतं, त्याच्यासाठी काही एन्झाइम नाही, ते जिथे जन्मतं तिथेच जे समोर येईल त्याला जाळतं. म्हणून पेरॉक्साइड तिथपर्यंत पोचायच्या आधीच संपवावं लागतं. त्यासाठी कॅटलेज आहे. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो तो याच्यामुळे, बटाट्याच्या फोडीवर टाकून बघा, तिथेही येतो. दुसरं पेरॉक्सिरेडॉक्सिन, आणि तिसरं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, जे १९५७ मध्ये गॉर्डन मिल्स यांना लाल पेशींतच सापडलं आणि ज्याच्या मध्यभागी सेलेनियम असतं हे १९७३ ला कळलं. याच कुटुंबातलं चार नंबरचं भावंड, जीपीएक्स४, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते सरळ आवरणात घुसून खवट झालेलं फॅटी अॅसिड आहे त्या जागेवर दुरुस्त करतं. व्हिटॅमिन ई पण आवरणातच बसलेलं असतं, ते साखळी तोडतं, स्वतः इलेक्ट्रॉन देऊन पुढचं थांबवतं, आणि त्याला परत उभं करायला व्हिटॅमिन सी लागतं.

इथपर्यंत ऐकून आई म्हणाली, एवढे सगळे आहेत मग आपल्या बाळाला काय कमी पडलं? प्रश्न अगदी बरोबर होता. बाळाकडे यातलं सगळं होतं. एसओडी होतं, कॅटलेज होतं, पेरॉक्सिडेज होतं. कमी पडलं ते या सगळ्यांना माल पुरवणारं.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज काम करतं ते ग्लुटाथायोन नावाच्या छोट्याशा रेणूच्या जिवावर. पेरॉक्साइडचं पाणी करताना ग्लुटाथायोन खर्ची पडतं, दोन दोन रेणू एकमेकांना चिकटून बसतात, त्यांना सोडवून परत वापरायजोगं करायला एनएडीपीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारा एक रेणू, लागतो, आणि लाल पेशीत एनएडीपीएच मिळायची वाट एकच, ग्लुकोजला एका आडवाटेने पाठवायचं, आणि त्या आडवाटेचं पहिलं दार उघडणारं एन्झाइम म्हणजे जी६पीडी. पेरॉक्सिरेडॉक्सिनलाही शेवटी तिथूनच रिचार्ज मिळतो, आणि कॅटलेजसुद्धा चालू राहायला एनएडीपीएच अंगाशी धरून ठेवतं. म्हणजे एक दार अडलं की एकाच वेळी तिघांचे हात बांधले जातात. लिव्हर, मेंदू, बाकीच्या पेशी यांना एनएडीपीएच बनवायचे दुसरे मार्ग असतात आणि न्यूक्लियस असल्याने नवीन एन्झाइमही बनवता येतं, म्हणून त्यांचं फार अडत नाही. आईची पहिली भीती हीच होती की याच्या सगळ्या अंगातच दोष आहे. तसं नाहीये. शांत दिवसात तर लाल पेशींचंही भागतं, आहे तेवढं एन्झाइम रोजच्या गळतीला पुरतं, म्हणून अशी माणसं ऐंशी वर्षं जगतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

शांत दिवस नसला की मात्र अवघड. डांबर गोळीतलं नॅफ्थलीन हवेत उडतं, कपड्यात मुरतं, तेलात सहज विरघळतं, म्हणजे तेल चोळलेल्या बाळाच्या नाजूक कातडीतून आत जायला त्याला आणखी सोपं, शिवाय श्वासातून जातंच. लिव्हर त्याचं नॅफ्थॉल आणि पुढे नॅफ्थोक्विनोन करतं. हे नॅफ्थोक्विनोन म्हणजे इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा दलाल, घेतो आणि ऑक्सिजनला देतो, परत घेतो परत देतो, आणि प्रत्येक फेरीला एक सुपरऑक्साइड. नवजात बाळाचं लिव्हर अजून तयार नसतं, त्याला हे लवकर बाहेर टाकता येत नाही. ज्याचं जी६पीडी नीट आहे त्याची पेशी ग्लुकोज त्या आडवाटेला जास्त पाठवून बराच वेळ निभावून नेते. आमच्या बाळाची निभावू शकली नाही. ग्लुटाथायोन संपलं, मग हिमोग्लोबिनच वेडंवाकडं होऊन त्याचे गोळे झाले आणि आवरणाला आतून चिकटले, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, रॉबर्ट हाइन्झ यांनी १८९० मध्ये बघितलेल्या, आणि आवरणाची स्निग्धता खवट होऊन ते ताठ झालं. लाल पेशी ७-८ मायक्रॉनची, तिला प्लीहेतल्या (पोटातला, जुन्या पेशी गाळून काढणारा अवयव) स्वतःपेक्षा कितीतरी अरुंद फटीतून मुडपून जावं लागतं. ताठ पेशी तिथे अडकते. प्लीहा त्यातला गोळा कुरतडून काढते, मायक्रोस्कोपखाली चावा घेतलेल्या भाकरीसारख्या पेशी दिसतात, आमच्या पॅथॉलॉजिस्टनी मला स्लाइड दाखवली, तो चंद्रकोरीसारखा चावा मी विसरणार नाही. बाकीच्या सरळ रक्तातच फुटतात आणि शू काळपट होते.

ही माहिती मिळाली कशी तेही सांगायला पाहिजे कारण त्याचं ओझं मनावर राहतं. प्रायमाक्विन या मलेरियाच्या औषधाच्या चाचण्या अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर चालायच्या. काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या लाल पेशी त्या औषधाने फुटत होत्या. त्यांच्या पेशी दुसऱ्यांच्या अंगात घालून बघितल्या तेव्हा तिथेही त्याच फुटल्या, म्हणजे दोष पेशीतच होता, आणि त्यातही म्हाताऱ्या पेशी आधी जात होत्या. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी एन्झाइमचं नाव सांगितलं. "स्वयंसेवक" म्हणून नोंद असली तरी तुरुंगातला माणूस किती मोकळेपणाने हो म्हणत असेल? आज माझ्या भाच्याच्या फाइलला जी औषधांची यादी लावलीय ती त्या लोकांच्या रक्तातून आलीय हे मला विसरायचं नाही.

आणि हे काही लांबच्या लोकांचंच नाही. जगात ४० कोटींच्या आसपास लोकांत हा दोष आहे, जिथे जिथे मलेरिया पूर्वापार होता तिथे जास्त, कारण अशा पेशीत मलेरियाच्या परजीवीलाही नीट राहता येत नाही. १९६३ मध्येच मुंबईतल्या पारशी समाजावर यासंबंधी पेपर आलेला आहे. जीनमधल्या एका बदलाचं तर नाव जी६पीडी कल्याण आहे, आमच्या शेजारच्या स्टेशनचं! तोच बदल केरळमध्येही निघाला म्हणून आता केरळ-कल्याण म्हणतात, १९९२ मध्ये दोन्ही एकच असल्याचं दाखवलं गेलं. डोंबिवलीत बसून हे वाचताना मी दोनदा वाचलं.

बाळाला निळ्या दिव्याखाली चार दिवस ठेवलं. तो प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो, मग ते पाण्यात विरघळून बाहेर जातं, नाहीतर ते मेंदूत जायची भीती. रक्त बदलायची वेळ येईल असं सांगून ठेवलं होतं, आली नाही. दुपटी त्याच संध्याकाळी घराबाहेर गेली.

जी६पीडीच्या टेस्टबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पेशी फुटायच्या भरात ही टेस्ट फसवू शकते, कारण म्हाताऱ्या, एन्झाइम संपलेल्या पेशी तर आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम बरं असतं, रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून साधारण तीन महिन्यांनी परत करायला सांगतात. आमची पहिलीच कमी आली, तरी परत करणार आहोत.

मग सुरू झाले नातेवाईक. कोणी अँटिऑक्सिडंट ज्यूसची बाटली आणली, कोणी पावडर, ऑनलाइन एसओडीच्या गोळ्या मिळतात त्याची लिंक पण आली. प्रेमाने आणलेलं असतं, मी कोणाला दुखवलं नाही, पण इथे स्पष्ट लिहिते. एन्झाइम हे प्रोटीन आहे, गिळलं की पोटात त्याचं वरणातल्या प्रोटीनसारखंच पचन होतं, लाल पेशीत जाऊन बसत नाही. आणि अँटिऑक्सिडंट जास्त म्हणजे चांगलंच असंही नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई देऊन बघितलं होतं, १९९४ ला निकाल आला तो असा की बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. जी६पीडी कमी असलेल्यांना तर शिरेतून मोठ्या डोसमध्ये दिलेल्या व्हिटॅमिन सीनेही पेशी फुटल्याच्या केसेस आहेत, म्हणजे ज्याला आपण रक्षक म्हणतो तेच. आवळा, लिंबू, पेरू खुशाल खा, तो प्रश्नच नाही. पण पेशीचं रक्षण हे एका एन्झाइमने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पुरवत राहायचं काम आहे, त्यात बाहेरून एक डबा ओतून ते होत नाही.

आम्ही काय टाळतोय ते सांगते, तुमच्या घरी कोणाला हा दोष असेल तर यादी तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. डांबर गोळ्या घरातून हद्दपार, ट्रंक, संडास, बेसिन कुठेच नाही. प्रायमाक्विन, डॅप्सोन, युरिन इन्फेक्शनला देतात ते नायट्रोफ्युरँटोइन, मेथिलीन ब्लू ही नावं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने. मेहंदी, आणि हे मला नवीन होतं, बाळाच्या हातापायाला मेहंदी लावायची नाही, कारण मेहंदीचा रंग देणारा लॉसोन हा नॅफ्थोक्विनोनचाच भाऊबंद आहे आणि असल्या बाळांना त्याने त्रास झालेला आहे. बारशाला आत्यांनी कोन आणला होता, तो बहिणीने स्वतःच्या हातावर पण लावला नाही. आणि बाकला, ज्याला फावा बीन म्हणतात, तो बंद. आईने वाल, पावटा, घेवडा सगळंच माहेरी आलेल्या बहिणीला बंद करायचं ठरवलं होतं, तर डॉक्टर म्हणाल्या वाल-पावटा ही झाडं वेगळी, त्यात बाकल्यातला तो पेशींना त्रास देणारा घटक नाही, डाळिंब्यांची उसळ करा. ते ऐकून बहिणीच्या तोंडावर त्या आठवड्यातलं पहिलं हसू आलं.

आईचं अजून पूर्ण गेलेलं नाही. मी वापरलं म्हणून झालं, हे ती बोलून दाखवते. मी तिला एकच सांगते की याच गोळ्या टाकलेल्या ट्रंकेतली झबली आम्ही दोघींनी घातलीत आणि आम्हाला काही झालं नाही, तुला कळणार कुठून. हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, मुलाकडे एकच एक्स, तो आईकडून आलेला, म्हणून मुलांना जास्त त्रास होतो आणि मुली बहुतेक वेळा नुसत्या वाहक. म्हणजे बहीण वाहक, आणि बहुतेक आईही.

हे बोलता बोलता आई मधेच थांबली. म्हणाली, दादाला ते झालं होतं ना. दादा म्हणजे आमचा मामा. मी शाळेत होते, पावसाळ्यात त्याला मलेरिया झाला, गोळ्यांचा कोर्स चालू असतानाच तो पिवळा पडला आणि शू कोकमाच्या आगळासारखी व्हायला लागली, सगळ्यांनी धरलं की मलेरियावर कावीळ उलटली, गोळ्या बंद करून त्याला महिनाभर उसाचा रस आणि गावठी औषध दिलं. बरा झाला, सगळे म्हणाले औषध लागू पडलं. गोळ्या बंद झाल्या म्हणून बरा झाला असेल असं तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार तरी कसं.

मामाला काल फोन केला. तो ५८ चा आहे, कधी टेस्ट केलेली नाही, आणि गेल्या महिन्यात त्याच्या डॉक्टरांनी युरिन इन्फेक्शनसाठी काय दिलं होतं ते विचारलं तर त्याने चष्मा लावून स्ट्रिपवरचं नाव एकेक अक्षर वाचून दाखवलं. नशिबाने यादीतलं नव्हतं. आज सकाळी तो रक्त देऊन आलाय, सोमवारी रिपोर्ट आहे. आई ट्रंक रिकामी करून उन्हात उलटी टाकून बसलीय, तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला अंथरायचा म्हणते.